रोगकारक यीस्टमधले जनुकनियंत्रण : वाढ आणि उग्रता यांचा संबंध

गोदातीर (धागाकर्ते)

कॅन्डिडा अल्बिकन्स हे यीस्ट असंख्य निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि योनिमार्गात कोणताही त्रास न देता राहते. तेच यीस्ट अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या रक्तात शिरले की मूत्रपिंड, यकृत, डोळे अशा अवयवांमध्ये पसरते आणि पुष्कळदा प्राण घेते. नाशिकमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना मला असे दिसते, की हा फरक विद्यार्थी ‘चांगली जात’ आणि ‘वाईट जात’ अशा विभागणीने समजून घेतात. वस्तुस्थिती तशी नाही. आतड्यातले यीस्ट आणि रक्तातले यीस्ट बहुतेक वेळा एकाच रुग्णाचे, एकाच वंशाचे असते आणि जनुकेही तीच असतात. बदलते ते एवढेच, की त्यांपैकी कोणती जनुके कधी आणि किती प्रमाणात वाचली जातात.

या यीस्टची रूपे अनेक आहेत. गोल किंवा अंडाकृती, मुकुलन करणारी (म्हणजे कळीसारखा फुगवटा काढून नवी पेशी बनवणारी) पेशी, साखळीसारखा आभासी तंतू आणि समांतर भिंतींचा खरा तंतू ही त्यांतली मुख्य रूपे होत. तंतुरूपात जाण्यावर ज्या प्रथिनाचा सर्वांत कडक पहारा असतो, ते म्हणजे एनआरजी१. हे प्रथिन टीयूपी१ या दुसऱ्या प्रथिनाला सोबत घेऊन तंतूसाठी लागणाऱ्या जनुकांच्या सुरुवातीच्या भागावर बसते आणि त्यांचे वाचन थांबवते. तापमान ३७ अंश सेल्सिअस झाले, रक्तद्रव मिळाला, कार्बन डायऑक्साइड वाढला किंवा परिसर अल्कधर्मी झाला, की आरएएस१ पासून चक्रीय एएमपी आणि पुढे प्रथिन कायनेज ए असा संदेश जातो, ईएफजी१ सारखी चालना देणारी प्रथिने कामाला लागतात आणि एनआरजी१ चे प्रमाण झपाट्याने घटते.

ही झाली पहिली पायरी, आणि ती तात्पुरती असते. तंतू वाढत राहायचा असेल तर बीआरजी१ नावाचे प्रथिन लागते. ते एचडीए१ या विकराला त्या जनुकांपाशी आणते, तिथली गुणसूत्राची घडी बदलते आणि पेशीत एनआरजी१ पुन्हा तयार झाले तरी त्याला बसायला जागा उरत नाही. बीआरजी१ तयार होण्यासाठी टीओआर१ हा पोषणाचा संदेश मंदावलेला असावा लागतो. म्हणजे अन्न मुबलक असताना पेशी तंतू सुरू करते, पण तो टिकवत नाही. वाढीचे नियंत्रण आणि उग्रतेचे, म्हणजे रोग घडवण्याच्या क्षमतेचे, नियंत्रण एकमेकांत कसे गुंतले आहे, हे मला येथे सर्वांत स्पष्ट दिसते.

तरीही या दोन गोष्टी एक नाहीत, आणि हा धागा काढण्याचे कारण तेच आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एनआरजी१ चे जनुक डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या ताब्यात दिले होते. औषध नसताना एनआरजी१ भरपूर बनत असे आणि पेशी यीस्टरूपातच अडकून राहत. औषध दिले की ते जनुक बंद पडे आणि तंतू निघत. हा वंश उंदरांच्या रक्तात सोडल्यावर ज्यांना डॉक्सिसायक्लिन दिले ते उंदीर मेले. ज्यांना दिले नाही ते जगले, मात्र त्यांच्या अवयवांमध्ये यीस्ट पोहोचले होते आणि मोठ्या संख्येने वाढलेही होते. अवयवात वाढणे आणि अवयव उद्ध्वस्त करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे याहून सरळ पद्धतीने कसे दाखवता आले असते, हे मला सुचत नाही.

जाणकारांनी यावर आपली मते आणि अनुभव लिहावेत.

सीरमनळी

सर, मी गंगापूर रोडच्या परिसरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. आम्ही जर्म ट्यूब टेस्ट नेहमी करतो. वसाहतीतला अगदी थोडा भाग अर्ध्या मिलीलिटर मानवी सीरममध्ये मिसळायचा, ३७ अंशांवर दोन ते तीन तास ठेवायचा आणि थेंब काचपट्टीवर घेऊन पाहायचा. पेशीतून नळीसारखा कोंब निघालेला असेल आणि त्याच्या मुळाशी आक्रसलेपणा नसेल, तर कॅन्डिडा अल्बिकन्स असे नोंदवायचे. तुमचे लिखाण वाचल्यावर लक्षात आले, की आम्ही प्रत्यक्षात एनआरजी१ चे घटणे पाहत असतो.

माझे दोन प्रश्न आहेत. वसाहतीचा भाग जास्त घेतला गेला तर चाचणी नकारात्मक येते, असे आम्हाला प्रशिक्षणातच बजावलेले असते, पण कारण कोणी सांगितले नव्हते. दुसरे असे, की तीन तासांच्या पुढे वाचन करू नये हा नियम कशासाठी आहे?

गोदातीर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे फार्नेसॉल. कॅन्डिडा अल्बिकन्सच्या पेशी हा पदार्थ सतत बाहेर सोडतात. पेशींची गर्दी झाली की त्याचे प्रमाण वाढते आणि तंतू निघणे थांबते. २००१ मध्ये हे दाखवले गेले, तेव्हा जीवाणूंपलीकडच्या, केंद्रकयुक्त पेशींमध्ये अशी गर्दीची जाणीव प्रथमच रेणूच्या पातळीवर सापडली होती. पुढे त्याची यंत्रणाही उलगडली. तंतू निघण्यासाठी एनआरजी१ चे नवे उत्पादन थांबणे पुरेसे नसते, पेशीत आधीपासून असलेले प्रथिनही मोडावे लागते. ते मोडण्यासाठी एसओके१ हे कायनेज (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारे विकर) लागते, आणि एसओके१ चे जनुक सीयूपी९ या प्रथिनाने दाबून ठेवलेले असते. ताज्या माध्यमात पेशी विरळ झाल्या की सीयूपी९ नष्ट होते, एसओके१ तयार होते आणि एनआरजी१ हटते. फार्नेसॉल सीयूपी९ ला नष्ट होऊ देत नाही. तुमच्या नळीत वसाहतीचा मोठा गोळा गेला, तर सीरम आणि तापमान दोन्ही अनुकूल असूनही पहारा उठत नाही. तुम्हाला दिलेला नियम अनुभवातून आलेला होता, आणि त्यामागचे जनुकशास्त्र नंतर सापडले.

तीन तासांच्या मर्यादेचे कारण व्यावहारिक आहे. वेळ वाढला की कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिससारख्या इतर जातीही आभासी तंतू काढू लागतात आणि खोटा सकारात्मक निष्कर्ष येण्याची शक्यता वाढते.

अतिदक्षता वैद्य

लेख आवडला, परंतु उंदरांच्या प्रयोगावरून एक धोकादायक निष्कर्ष काढला जाऊ नये म्हणून लिहितो. रक्तसंवर्धनात यीस्ट मुकुलन करणाऱ्या रूपात दिसले, म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. रक्तात यीस्ट सापडणे ही आमच्यासाठी नेहमीच तातडीची बाब असते. मध्यवर्ती शिरेतली नळी शक्य तितक्या लवकर काढायची, इकायनोकॅन्डिन गटातले बुरशीविरोधी औषध सुरू करायचे, डोळ्यांची तपासणी करून घ्यायची आणि संवर्धन नकारात्मक येईपर्यंत ते पुन्हापुन्हा पाठवायचे, असा आमचा क्रम असतो.

शिवाय आमच्याकडे येणाऱ्या रक्तसंसर्गांत अल्बिकन्सखेरीज इतर जातींचा वाटा मोठा आहे. कॅन्डिडा ग्लॅब्राटा खरे तंतू काढत नाही. कॅन्डिडा ऑरिस सहसा काढत नाही. तरी दोन्ही रुग्ण दगावण्याला कारण होतात. मग तंतू म्हणजेच उग्रता हे समीकरण कितपत टिकते?

गोदातीर

डॉक्टर, तुमचा इशारा योग्य आहे आणि तो या धाग्यात असायलाच हवा होता. प्रयोगातले यीस्ट कृत्रिमरीत्या एका रूपात जखडलेले होते. रुग्णाच्या रक्तातले यीस्ट तसे जखडलेले नसते. गोल पेशी रक्तप्रवाहातून दूरवर जातात, अवयवात पोहोचल्यावर तंतू काढून ऊतीत घुसतात, आणि त्या तंतूंवरूनही नव्या गोल पेशी सुटतात. दोन्ही रूपांची गरज लागते. म्हणूनच एनआरजी१ किंवा टीयूपी१ पूर्णपणे काढून टाकलेले वंश सदैव तंतुरूपात असूनही उंदरांमध्ये कमी उग्र ठरले. कायमचे तंतू असणे या यीस्टला मानवत नाही. त्याचे बळ रूप बदलण्याच्या क्षमतेत आहे.

तंतू म्हणजेच उग्रता, हे समीकरण अल्बिकन्सच्या बाबतीतही पूर्ण नाही. १९९७ मध्ये ईएफजी१ आणि सीपीएच१ ही दोन्ही जनुके काढलेला वंश तंतू काढू शकत नाही आणि उंदरांना मारूही शकत नाही असे दिसले, तेव्हा अनेकांनी प्रश्न सुटला असे मानले. पण ईएफजी१ चयापचय, चिकटण्याची प्रथिने, पेशीभित्तिका अशा पुष्कळ गोष्टी सांभाळते, त्यामुळे उग्रता नेमकी कशाने गेली हे त्या एका प्रयोगातून ठरत नाही. २०१० मध्ये ६०० हून अधिक जनुकांचे एकेक वंश तयार करून उंदरांत तपासले गेले. त्यांतले ११५ संसर्ग करण्यात दुबळे ठरले, आणि त्यांपैकी जवळपास निम्म्यांची रूप बदलण्याची क्षमता आणि प्रयोगशाळेतली वाढ दोन्ही अगदी व्यवस्थित होती. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो.

तंतूंबरोबर जी जनुके उघडतात, त्यांकडे पाहिले की चित्र अधिक नेमके होते. एएलएस३ आणि एचडब्ल्यूपी१ ही प्रथिने मानवी पेशींना घट्ट चिकटतात. ईसीई१ हे जनुक तंतू निघताना प्रचंड प्रमाणात वाचले जाते, पण त्याचे नेमके काम बराच काळ अंधारात होते. २०१६ मध्ये असे दिसले, की ईसीई१ पासून बनणाऱ्या मोठ्या प्रथिनाचे तुकडे होतात आणि त्यांतला ३१ अमिनो आम्लांचा एक तुकडा मानवी पेशींच्या पटलाला भोके पाडतो. त्याला कॅन्डिडालायसिन म्हणतात. ईसीई१ नसलेला वंश तंतू काढतो, पेशींत घुसतो, मात्र त्यांना इजा करत नाही. म्हणजे तंतू आणि इजा हे दोन्हीही वेगळे करता येतात, एवढेच की निसर्गात ते एकाच नियंत्रणाखाली एकत्र बांधलेले आहेत.

निफाडकर

मी द्राक्षबागायतदार आहे, विज्ञानाचा पदवीधर आहे, पण हा विषय माझा नाही. दोन शंका आहेत. आमच्याकडे गोडी छाटणीनंतर भुरीसाठी हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल अशी औषधे फवारली जातात. माझ्या आईला मधुमेह आहे आणि तिच्या तोंडात बुरशी झाली तेव्हा डॉक्टरांनी फ्लुकोनॅझोल दिले होते. नावे इतकी सारखी आहेत की काळजी वाटते. आमच्या फवारणीने माणसाच्या बुरशीला औषध लागू न पडण्याची सवय होते का? आणि द्राक्षांवर जे यीस्ट असते, ज्यापासून आमच्या जिल्ह्यात वाइन होते, ते याच कुळातले का?

गोदातीर

निफाडकरदादा, काळजी रास्त आहे. ही सारी औषधे ॲझोल या एकाच गटातली आहेत आणि त्यांचे लक्ष्यही एकच आहे. बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे अर्गोस्टेरॉल तयार करण्याच्या मार्गात एक विकर असते. यीस्टमध्ये त्याचे जनुक ईआरजी११ या नावाने ओळखले जाते. ॲझोल औषधे त्या विकराला अडवतात.

ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीत शेतीतल्या ॲझोलमुळे प्रतिकार निर्माण होऊन तो रुग्णांपर्यंत पोहोचतो, याचे भक्कम पुरावे आहेत. ती बुरशी मातीत आणि कुजणाऱ्या पाल्यात राहते, त्यामुळे फवारणीशी तिचा थेट संबंध येतो. कॅन्डिडा अल्बिकन्सचे मुख्य घर माणूस आणि इतर उष्ण रक्ताचे प्राणी हे आहे. आईंच्या तोंडातले यीस्ट बहुधा त्यांच्याच शरीरात पूर्वीपासून असते, आणि रक्तातली साखर वाढल्याने, दातांच्या कवळीने किंवा प्रतिजैविकांच्या वापराने त्याला संधी मिळते. बागेतली फवारणी हे त्यामागचे कारण मानण्यास आधार नाही. तरीही फवारणीत औषधांचे गट आलटून पालटून वापरणे आणि शिफारशीपेक्षा जास्त फवारे न घेणे, हे बागेच्या आणि माणसांच्या दोघांच्याही हिताचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

औषध लागू न पडणे हाही मोठ्या प्रमाणात जनुकनियंत्रणाचाच विषय आहे. अर्गोस्टेरॉल कमी पडू लागले की यूपीसी२ हे नियामक प्रथिन ते ओळखते आणि ईआरजी११ चे वाचन वाढवते. टीएसी१ हे प्रथिन औषध बाहेर फेकणाऱ्या सीडीआर१ आणि सीडीआर२ या पंपांची जनुके चालवते, तर एमआरआर१ हे एमडीआर१ या पंपाचे. या नियामकांत एखादा असा बदल झाला की ते कायम जागेच राहतात, तर पंप दिवसरात्र चालू राहतो आणि फ्लुकोनॅझोल पेशीत टिकत नाही. लक्ष्य असलेले विकर जसेच्या तसे असतानाही उपचार फसतो.

वाइनचे यीस्ट म्हणजे सॅकरोमायसीस सेरेव्हिसिए. ते कॅन्डिडाचे दूरचे नातलग आहे, आणि त्याच्यापासून निरोगी माणसाला सहसा धोका नसतो.

कोडॉन

मी जैवमाहितीशास्त्राची विद्यार्थिनी आहे. शेवटच्या मुद्द्याला जोडून लिहिते. सॅकरोमायसीसवर इतके काम झाले आहे, की त्यावरून कॅन्डिडाचे अंदाज बांधण्याचा मोह होतो, आणि नियंत्रणाच्या बाबतीत तो मोह पुष्कळदा फसवतो. जीएएल४ हे सॅकरोमायसीसमधले गॅलॅक्टोज शर्करेच्या जनुकांचे नियंत्रण करणारे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. कॅन्डिडा अल्बिकन्समध्येही जीएएल४ आहे, पण ते गॅलॅक्टोजची जनुके चालवत नाही. तिथे ते टीवायई७ बरोबर ग्लुकोजच्या विघटनाच्या मार्गावर काम करते. दोन्ही जातींमध्ये प्रथिन टिकले आणि त्याची जबाबदारी बदलली.

याखेरीज कॅन्डिडा अल्बिकन्स सीयूजी या सांकेतिक त्रिकाचा अर्थ बहुतांश वेळा ल्युसिन असा न घेता सेरिन असा घेते. त्यामुळे बाहेरचे एखादे जनुक, उदाहरणार्थ हिरवे चकाकणारे प्रथिन, तिच्यात जसेच्या तसे घालून चालत नाही. ते तिच्या पद्धतीने पुन्हा लिहावे लागते. अल्बिकन्सचा संपूर्ण जनुकसंच २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतरच एकेका नियामकाचे लक्ष्य संपूर्ण जनुकसंचावर शोधणे शक्य झाले. २०१२ मध्ये बायोफिल्म, म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेला पेशींचा थर, तयार करणाऱ्या सहा नियामकांचे जाळे मांडले गेले : बीसीआर१, बीआरजी१, ईएफजी१, एनडीटी८०, आरओबी१ आणि टीईसी१. ही सहा प्रथिने एकमेकांच्या जनुकांवर बसतात आणि मिळून सुमारे १,००० जनुकांवर परिणाम करतात. डॉक्टरांनी ज्या मध्यवर्ती शिरेतल्या नळीचा उल्लेख केला, तिच्या आतल्या पृष्ठभागावर हेच जाळे कामाला लागते.

माझा प्रश्न ग्लॅब्राटाबद्दल आहे. तिला तंतू नाहीत, कॅन्डिडालायसिन नाही, मग तिच्याकडे नियंत्रण कशाचे असते?

गोदातीर

चिकटण्याचे. ग्लॅब्राटाकडे ईपीए नावाच्या चिकट प्रथिनांचे मोठे कुटुंब आहे. त्यांची बरीच जनुके गुणसूत्रांच्या टोकांजवळ असतात आणि एसआयआर प्रथिने तो सारा भाग मिटून ठेवतात. त्यांतल्या एसआयआर२ ला काम करण्यासाठी एनएडी हा सहायक रेणू लागतो, आणि ग्लॅब्राटा तो स्वतः पूर्णपणे तयार करू शकत नाही. त्यासाठी तिला बाहेरून निकोटिनिक आम्ल, म्हणजे नायसिन, मिळवावे लागते. मूत्रमार्गात ते कमी असते. २००५ मधल्या प्रयोगांत असे दिसले, की नायसिन कमी पडताच एसआयआर२ चे काम ढिले पडते, ईपीए६ सारखी मिटलेली जनुके उघडतात आणि पेशी मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटते. जीवनसत्त्वाचा तुटवडा हीच तिच्यासाठी आपण कुठे आहोत याची खूण ठरते. जातीजातींमध्ये उग्रतेची साधने इतकी वेगळी असूनही परिसर ओळखून जनुके उघडण्याची पद्धत समान आहे, हे मला या विषयातले सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्सचाही येथे उल्लेख करतो. कबुतरांच्या विष्ठेत सापडणाऱ्या या यीस्टभोवतीचे शर्करेचे आवरण कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर आणि लोह कमी झाल्यावर जाड होते. जीएटी२०१ आणि सीआयआर१ हे त्याचे नियामक आहेत, आणि ३७ अंशांवर वाढण्यासाठी या यीस्टला कॅल्सिन्युरिन हे विकर लागते.

अतिदक्षता वैद्य

लोहाचा उल्लेख आला म्हणून विचारतो. रक्तात मुक्त लोह जवळजवळ नसते आणि आतड्यात ते भरपूर असते. अल्बिकन्स हा फरक ओळखते का? आणि या सर्व ज्ञानाचा उपचारात उपयोग व्हायचा असेल, तर तो कोणत्या दिशेने होईल?

गोदातीर

ओळखते, आणि त्यासाठी तिच्याकडे तीन प्रथिनांचे एक मंडल आहे. लोह भरपूर असताना एसएफयू१ हे प्रथिन एसईएफ१ ला दाबून ठेवते आणि लोह ओढून घेणे थांबवते, कारण जादा लोह पेशीला विषारी असते. लोह कमी झाले की एसईएफ१ मोकळे होते, लोह मिळवण्याची जनुके उघडते आणि एचएपी४३ ला कामाला लावते. मग एचएपी४३ लोह खर्च करणाऱ्या प्रक्रिया मंदावते. २०११ मध्ये उंदरांमध्ये तपासले तेव्हा एसएफयू१ नसलेला वंश आतड्यात टिकण्यात कमी पडला, आणि एसईएफ१ नसलेला वंश रक्तमार्गे होणाऱ्या संसर्गात दुबळा ठरला. शांतपणे राहण्यासाठी एक जनुक आणि आक्रमणासाठी दुसरे, अशी इतकी स्वच्छ विभागणी सहसा सापडत नाही.

उपचाराच्या दृष्टीने पाहिले तर यीस्ट मारण्याऐवजी त्याला शांत रूपात ठेवणारी औषधे शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. यीस्टला जगण्याची मुभा राहिल्यास प्रतिकार निर्माण होण्याचा दाब कमी पडेल, अशी त्यामागची अपेक्षा आहे. मला ही दिशा अल्बिकन्सच्या श्लेष्मल त्वचेवरच्या संसर्गात आणि नळ्यांवरच्या बायोफिल्ममध्ये आशादायक वाटते. रक्तसंसर्ग झालेल्या, पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला मात्र केवळ अशा औषधावर ठेवणे मला मान्य होणार नाही, कारण तिथे यीस्टची संख्या कमी करणे हे पहिले काम असते, आणि ते तुमची सध्याची औषधेच करतात.

सीरमनळी

आणखी एक व्यावहारिक शंका. जर्म ट्यूब सकारात्मक आली तरी ते कॅन्डिडा डब्लिनिएन्सिस असू शकते, असे वाचले आहे. आमच्यासारख्या लहान लॅबने ते वेगळे कसे करावे?

गोदातीर

४५ अंश सेल्सिअसवर वाढ पाहावी. अल्बिकन्स त्या तापमानाला वाढते, डब्लिनिएन्सिस बहुधा वाढत नाही. शंका राहिली तर नमुना माल्डी-टॉफ यंत्र (प्रथिनांच्या वस्तुमानावरून सूक्ष्मजीव ओळखणारे) असलेल्या मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा. डब्लिनिएन्सिसचे वर्णन प्रथम १९९५ मध्ये झाले. ती अल्बिकन्सची सर्वांत जवळची नातलग असूनही कमी उग्र आहे. तिच्यात एएलएस३ हे जनुक नाही, आणि एनआरजी१ चा पहारा अल्बिकन्समध्ये जितक्या सहज उठतो तितका तिच्यात उठत नाही. जर्म ट्यूब नकारात्मक आली आणि स्वयंचलित यंत्राने कॅन्डिडा हेम्युलोनाय असे नाव दिले, तर मात्र नमुना त्याच दिवशी पुढे पाठवावा. २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णन झालेली कॅन्डिडा ऑरिस अनेकदा त्याच नावाखाली नोंदली जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये रोगकारक बुरशींच्या यादीत तिचा समावेश सर्वाधिक प्राधान्याच्या गटात केला आहे.